दोन मामा, दोन पार्ट्या

८ डिसेंबर १९८६, सोमवार

माझ्यावर आज जो अन्याय झाला त्याची कोणत्याही कोर्टात दाद लागणार नाही, म्हणून इथे लिहितो. नवी चप्पल घेतली. साधी, काळी, अंगठ्याची. जुनीचा अंगठा बसस्टँडवर तुटला म्हणून घेतली — हौस म्हणून नव्हे! ऑफिसच्या उंबऱ्यात पाय पडतो न पडतो तोच तोताराम त्याच्या टेबलावरून ओरडला, "छगनभाऊ, नवी चप्पल! पार्टी!" झालं. सगळा सेक्शन जागा झाला. एरवी या लोकांना फाइल हलवायला घंटा वाजवावी लागते.

मी म्हटलं, "अरे, चप्पल आहे, मोटार नाही."

"मोटार घेतली असती तर भरीत पार्टी मागितली असती. चपलेला जिलेबी चालेल."

साऱ्या सेक्शनला जिलेबी, शेव, चहा. त्या पैशात दुसरी चप्पल आली असती. तोतारामला विचारलं, "पोरगं पास झालं की पार्टी, बदली झाली की पार्टी. पोरगं नापास झालं तर?" म्हणाला, "तेव्हा तर पाहिजेच. माणसाला एकटं सोडू नये."

इंग्रज जाताना रेल्वे ठेवून गेले, कोर्टं ठेवून गेले आणि हा शब्द ठेवून गेले. रेल्वे निदान चुकवता तरी येते.

९ डिसेंबर

चप्पल चावते आहे. जिलेबी परत मागता येत नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी निंबा आला. निंबा म्हणजे माझ्या बायकोच्या, मंदाच्या, माहेरचा लांबचा भाऊबंद. लग्नं जुळवतो. टोपी कायम एका कानावर, आवाज नेहमी शेजारच्यांसाठी. कुंदासाठी धुळ्याचं स्थळ घेऊन आला होता.

"पार्टी मजबूत आहे, दाजी! आपल्यातलीच. बापाचं आग्रा रोडला मोटारीच्या सामानाचं दुकान. स्वतःचं घर. मागणीबिगणी काही नाही. अशी पार्टी पुन्हा हाती लागणार नाही."

परवा शेजारच्या वकिलांकडे बसलो होतो. तिथे पार्टी म्हणजे ज्याची जमीन जायची बाकी आहे तो. "पार्टी हजर नाही, तारीख घ्या." आज पार्टी म्हणजे माझ्या मुलीचं सासर. एकाच शब्दाच्या ओट्यावर इतकी माणसं बसलेली पाहून मला धडकी भरते.

मंदा मात्र चहा गाळताना हसत होती. पुष्कळ दिवसांनी.

१४ डिसेंबर, रविवार

धुळ्याला जाऊन आलो. पारोळ्यापर्यंत उभ्याने. बसस्टँडवर रिक्षावाल्याला दुकानाचं नाव सांगितलं, तर तो मागे वळून माझ्या चपलेपासून टोपीपर्यंत बघत म्हणाला, "रुपचंदशेठना घर? पोर देवाले उनात का? द्या, भाऊ, द्या. पार्टी चांगली शे. बठ्ठा धुळाले माहीत शे." मुलगी द्यायला आलात का, द्या, साऱ्या धुळ्याला माहीत आहे — चौकशी दीड रुपयात आटोपली. निंबाने यासाठी माझ्याकडे तीनदा जेवून घेतलं होतं.

रुपचंदभाऊ कमी बोलणारे. मुलगा हेमराज त्याहून कमी. त्याने कुंदाचा फोटो बघितला आणि लगेच उलटा ठेवला — लाजून. मला मुलगा आवडला. हे मी निंबाला सांगणार नाही, पार्टी मागेल.

१७ डिसेंबर, बुधवार

ते लोक येऊन कुंदाला बघून गेले. पसंती. आठ फेब्रुवारी, रविवार. आमच्याच दारात मांडव.

रात्री मंदा म्हणाली, "एक सांगते. माझे दोन्ही भाऊ मांडवात पाहिजेत. दोघं. कुंदाच्या मागे मामा उभा राहतो तिथे दोघं."

मी म्हटलं, "बघू."

"बघू नाही."

आता हे दोन भाऊ. गिरधरभाऊ थोरला, जीवराम धाकटा, मधे मंदा. सावद्याजवळच्या गावात केळीची बागाईत, शेतं लागून. दोन वर्षांपूर्वी गावातल्या फळविक्री सोसायटीची निवडणूक झाली आणि हे दोघे समोरासमोरच्या पार्टीत उभे राहिले. तेव्हापासून बोलणं नाही, पाणी नाही. सोसायटी ज्या पार्टीच्या हातात, तिच्या माणसांची केळी आधी कापली जातात, रेल्वेच्या वॅगनी आधी त्यांना मिळतात. म्हणून गावात पार्टी म्हणजे पोट. न्हावी दोन झालेत. पिठाच्या गिरण्या दोन. भजनी मंडळ फुटलं, टाळ एकाकडे आणि मृदंग दुसऱ्याकडे गेला. दोन्हीकडची भजनं अपंग! आणि सगळ्यांत कडक नियम पंगतीचा. या पार्टीचा माणूस त्या पार्टीच्या माणसाबरोबर एका पंगतीत बसला, की तो फुटला. मग त्याने कितीही शपथा घेतल्या तरी त्याचं केळ झाडावर आणि तो बांधावर.

भाऊबीजेला मंदा दोन वर्षं एका दिवशी एकाकडे ओवाळते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे. दोन्ही वेळा परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसते.

मी या दोघांवर घरात पुष्कळ विनोद केले आहेत. ती हसत नाही. आधी वाटायचं, विनोद कळत नाही.

२८ डिसेंबर, रविवार — सावदा

आमंत्रण द्यायला सासरवाडीला. मंदाला आणलं नाही. म्हटलं, आधी मी चाचपून बघतो.

गेलो तो नेमका भरिताच्या दिवशी. बांधाच्या अलीकडे एका पार्टीची भरीत पार्टी, पलीकडे दुसरीची! मधे केळीच्या दोन ओळी. दोन्हीकडून कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर, दोन्हीकडे तीच हिरवी वांगी, तेच मुसळाने ठेचणं, त्याच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. धूर मात्र बिनपार्टीचा — वारा फिरेल तसा दोघांच्याही डोळ्यांत जात होता.

मी पाहुणा, त्यामुळे दोन्हीकडे जेवलो. जावयाला हा परवाना आहे. जावई म्हणजे गावाच्या हिशेबात माणूस नव्हेच, समारंभ.

गिरधरभाऊंना बाजूला घेतलं. ते म्हणाले, "पाव्हणे, कुंदी माझीच पोरगी आहे. पण तो येणार असेल तर मला नका सांगू. माझ्या पार्टीचे लोक येतील लग्नाला. ते बघतील."

"काय बघतील?"

"बघतील."

मग बांध ओलांडून जीवरामकडे. "दाजी, मी यायला तयार आहे. फक्त त्याला सांगू नका." त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. "आणि बेबीला विचारा. ती त्यांच्या सावलीला उभी राहणार नाही."

बेबाबाई म्हणजे जीवरामची बायको. ती पुऱ्या तळत होती. वर पाहिलं नाही.

परत निघण्याआधी झुंबरआत्याच्या ओट्यावर टेकलो. आत्या म्हणजे यांच्या वडिलांची बहीण. विधवा होऊन माहेरी आली ती घर चालवायला लागली. वय विचारू नये, ती आपलं वय काढते. मी वैतागून म्हणालो, "आत्या, तुमचे दोन्ही भाचे वेडे आहेत. एका सोसायटीसाठी भाऊ सोडला."

आत्या डाळीतले खडे काढत म्हणाली, "येडे नही, जावईबापू. मीच केलं ते."

"काय केलं?"

"दोघाईले दोन पार्टीत मीच धाडलं. दोघं एका पार्टीत ऱ्हायले असते, अन् ती हारली असती, तं वरीसभर आपल्या घरचं एक घड कोनी येळेवर कापला नसता. आता कोनीबी जितो, एकाची वॅगन लागते. तो आपल्या मालात दुसऱ्याचा माल रातचा मिसयून देतो. दोघाईचे घरं चालतात."

दोन वर्षं मी ज्यांना मूर्ख म्हणून घरोघर विकलं, ते माझ्याहून शहाणे निघाले!

"म्हणजे भांडण खोटं?"

"सोंग होतं."

"होतं म्हणजे?"

आत्याचा हात थांबला. "बेबीचा बाप मेला मागल्या वर्साले. गिरधर दुखवट्याले दारावर गेला नही. गेला असता तं पार्टीवाल्याईनं पाह्यलं असतं ना. सोंगात तसंच लागतं. पन बापू, सोंग खोटं असलं तरी सुतक तं खरं होतं." खडा बाजूला टाकला. "तवापासून जीवराम खरोखरच बोलत नही. गिरधरले तोंड नही. माल बी आता मिसयत नही. ज्याचं त्याचं चाललं."

"मंदाला हे माहीत आहे?"

"तिले कशाले सांगू? ती रडती तं लोकाईले खरं वाटतं."

२९ डिसेंबर

सांगावं की नाही, यावर दिवसभर ऑफिसात फायली उलट्यासुलट्या केल्या. तोताराम म्हणाला, "छगनभाऊ, बरं वाटत नाही का? सलाइन लागलं तर पार्टी." रात्री मंदाला सांगितलं.

ती रडली नाही. विचारलं, "दोन्ही वर्षं एकाला तरी वॅगन मिळाली?"

"मिळाली."

"मग बरं झालं." केळीवाल्याची मुलगी! मग भांडी घासायला गेली. मोरीतून आवाज आला, "पण एकालाही वाटलं नाही, मंदाला सांगावं?" आणि पुष्कळ वेळ एकच पातेलं घासत राहिली.

३० डिसेंबर

सकाळी उठलो तर मंदा घरात नाही. कुंदा म्हणाली, "आई पहिल्या गाडीने सावद्याला गेली. तुमचा डबा झाकून ठेवलाय."

रात्री परतली. पदर खोचलेला तसाच. "सांगून आले. दोघं आले तर दोघं उभे राहतील. एकटा आला तर एकही नाही. मग कुंदाच्या मागे मामा म्हणून निंबा उभा राहील."

मी हादरलो. "निंबा? त्याला धड टोपी घालता येत नाही!"

"तेच त्यांनाही वाटलं."

२१ जानेवारी १९८७

बँड पार्टी ठरवली. तिचा मालक म्हणाला, "साहेब, पूर्ण पार्टी पाहिजे की अर्धी?" अर्ध्या पार्टीत क्लॅरिनेट एक आणि ढोल दोन. म्हणजे आवाज तेवढाच, सूर निम्मा. आपल्याकडे जिकडेतिकडे अर्ध्याच पार्ट्या.

सावद्याहून काही निरोप नाही. मंदा विचारत नाही. कुंदा माझ्याकडे बघून विचारते आणि मी वर्तमानपत्र उचलतो.

७ फेब्रुवारी

उद्या. हळद झाली. मामांचा पत्ता नाही. निंबा नवा सदरा घालून आजच आलाय. मंदाने त्याला जेवायला वाढलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज लिहितो. काल लिहिण्याइतका मी माझा राहिलो नव्हतो.

गिरधरभाऊ आले सकाळीच. त्यांच्या पार्टीचे सहा-सात लोक बरोबर. मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात बसले. अर्ध्या तासाने जीवराम, त्याचे लोक, उजवा कोपरा. मधे वऱ्हाड. रुपचंदभाऊंनी मला हळूच विचारलं, "काही पोलीस बंदोबस्त वगैरे?" मी म्हटलं, "खान्देशात मांडव असाच घालतात."

अंतरपाट धरला. मंदा दोन्ही कोपऱ्यांकडे बघत उभी. मी तिच्याकडे बघत. निंबा टोपी सरळ करायला लागला! तेवढ्यात डावीकडून गिरधरभाऊ उठले. मग उजवीकडून जीवराम. कुंदाच्या मागे एक एका खांद्याशी, दुसरा दुसऱ्या. एकमेकांकडे बघत नव्हते. अक्षता मात्र एकाच परातीतून घ्याव्या लागल्या. हात आपटले तेव्हा दोघांनीही काढून घेतले नाहीत.

इथवर ठीक होतं. मामा म्हणून उभं राहणं पार्टीच्या कायद्यात बसतं. पंगत बसत नाही.

पण मंदाने पंगतीत दोन पानं शेजारी मांडली आणि त्यांच्यामागे वाढायचं भांडं घेऊन उभी राहिली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वाफा निघताहेत. दोन्ही कोपऱ्यांतले लोक जेवायचे थांबले. गिरधरभाऊ पानापाशी आले आणि बसले नाहीत. पलीकडे बेबाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, ती सरळ बोलणार नाही, आणि ते तिच्याशी. म्हणून ते माझ्याकडे बघून बोलले — सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं —

"पाव्हणे, सांगा. मी तिच्या बापाच्या दारावर गेलो नाही. जायला पाहिजे होतं. सोसायटी गेली खड्ड्यात, जायला पाहिजे होतं."

मी काय सांगणार? शब्द तिच्यापर्यंत आपोआप पोचले होते. बेबाबाईने पदर पुढे ओढून घेतला. मग तीही माझ्याकडेच बघून म्हणाली, "दाजी, त्याह्यले म्हना, बसा. बट्टी थंडी होते."

बसले. शेजारच्या पानावर बसलेल्या जीवरामने आपल्या हाताने भावाच्या पानावर तूप वाढलं. फार वाढलं. वाढतच राहिला. मंदाने त्याच्या हातातून तुपाचं भांडं काढून घेतलं आणि "पुरे रे," एवढं म्हणाली.

दोन्ही कोपऱ्यांतले काही लोक न जेवताच उठले. मला वाटलं, बस गाठायची असेल.

कुंदा धुळ्याला गेली. घर मोठं वाटतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सावद्याहून केळी आली! दोन पाट्या. सोबत दोन्ही भाऊ, एकाच गाडीने! पिवळीधमक, सालीवर बारीक ठिपके, घरभर वास. पिकलेली केळी इतकी गोड असतात हे मी जन्मात पहिल्यांदा चाखलं. दोघे मजेत होते. जीवराम थोरल्याच्या नकला करत होता, गिरधरभाऊ हसून ठसकत होते. "भाचीला पाठवा, शेजाऱ्यांना वाटा," म्हणाले. मी आळीभर वाटत सुटलो. तोतारामला तर फणीच दिली — "घे, ही पार्टी."

परत आलो तर भाऊ गेलेले, आणि मंदा पाट्यांसमोर जमिनीवर बसलेली. एकही केळ तोंडात घातलं नव्हतं.

"काय झालं?"

"केळीवाल्याच्या घरून पिवळं केळ कधी येतं का?"

मला कळलं नाही. तिने सांगितलं तेव्हा कळलं. विकायचं केळ हिरवं, कडक असतानाच कापतात, दिल्लीला पोचेतो पिकावं म्हणून. झाडावर पिवळं झालं, म्हणजे ते वेळेवर कोणी कापलं नाही. कापलं नाही, कारण पंगत सगळ्यांनी पाहिली होती. गिरधरभाऊंच्या पार्टीला वाटलं गिरधर फुटला, जीवरामच्या पार्टीला वाटलं जीवराम फुटला. दोन्हीकडून मजूर बंद, वॅगन बंद.

"बोलले का ते?"

"नाही. हसत होते ना. तुम्ही नाही बघितलं?"

मी तर जेवताना तूप बघितलं होतं. उठून गेलेले लोक बघितले होते. आणि लिहिलं — बस गाठायची असेल! माणसांवर टोमणे मारायचे आणि माणसं बघायची, ही दोन वेगळी कामं आहेत असं दिसतं.

मंदा म्हणाली, "निम्मी बाग अजून हिरवी असेल. आठवडाभर टिकेल." तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. लग्नात तिने मागायचं ते मागून झालं होतं, असं तिला वाटत असावं.

२० फेब्रुवारी

रजा टाकून धुळे. रुपचंदभाऊंच्या दुकानासमोर आग्रा रोडचे ट्रक उभे असतात, निम्म्या ड्रायव्हरांची उधारी त्यांच्याकडे. मुलगी देऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि व्याह्याच्या दारात ट्रक मागायला! जीभ एरवी कशी चालते माझी — आज पायरीवर दोनदा घसा साफ केला. सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग एवढंच विचारलं, "मजूरही इथले लागतील ना?"

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल धुळ्याच्या मजुरांनी दोन्ही शेतांतला हिरवा माल कापला. बांधावर ट्रक उभा केला आणि दोन्हीकडून भरला. गावातले लोक लांबून बघत होते. ड्रायव्हरने भाड्याची पावती काढली आणि गिरधरभाऊंकडे, मग जीवरामकडे बघून विचारलं, "पार्टी कोण?" दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मी माझं नाव सांगितलं. भाडं, मजुरी, तिथल्या तिथे देऊन टाकली. माझ्या मांडवात एका पंगतीला बसण्याची किंमत त्यांनी भरली होती, माझा वाटा राहिला होता. पैसे मी दिले हे मंदाला सांगितलेलं नाही.